देव भेटला, मग घर कोणतं?



वाचक माउली, कीर्तनात जे बोलतो ते वाऱ्यावर जातं, म्हणून कुणीतरी ते रेकॉर्ड करून कागदावर उतरवतं आणि मग आम्ही त्यात दुरुस्त्या करीत बसतो. हे निरूपण मात्र मी दुरुस्त्या करून नव्हे, जवळजवळ पुन्हा सांगितलं आहे. कारण त्याला एका बाईंचा प्रश्न लागलेला आहे. त्या रात्री मी त्यांना उत्तर दिलं, पण ते उत्तर नव्हतं.

आषाढीच्या वाटेवर भंडीशेगावचा तळ. पाऊस भुरभुरत होता. कीर्तन आटोपून मी राहुटीत येऊन बसलो. पायाला तेल चोळत होतो. एक बाई आल्या, चाळिशीच्या असतील. पाया पडल्या आणि उभ्याच राहिल्या. म्हटलं, "बसा ना माउली." बसल्या नाहीत. म्हणाल्या, "महाराज, आमच्या मालकांनी तीन वर्सं झाली माळ घातली. पहिल्या वारीला पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवलं आन् ढसाढसा रडले. तवापासनं ते घरात न्हाईत. म्हंजे असत्यात घरातच, पर न्हाईत. जेवायला ताट येगळं. पोरांशी बोलनं न्हाई. पारावरचे दोस्त हाक मारत न्हाईत, म्हनत्यात हा आता बुवा झाला. बरं, दिंडीत तरी रमावं, तर तिथली जुनी मानसं ह्यांना अजून नवाच म्हनत्यात, टाळ धरला तर पावली चुकती म्हनून मागच्या रांगेत धाडत्यात. घरात बी न्हाई आन् दिंडीत बी न्हाई. मग मानूस हाय कुठं?"

मी काय म्हणालो? म्हणालो, "बाई, भाग्यवान आहात. देवाचं वेड लागलंय त्यांना. सगळं नीट होईल." त्या हो म्हणाल्या, पुन्हा पाया पडल्या आणि गेल्या. रात्रभर मला झोप नाही. चार वर्षं आळंदीला राहून शिकलो, त्यापुढे चाळीस वर्षं वीणेसमोर उभा राहतोय, आणि एका बाईचा रोकडा प्रश्न आला तर तिच्या हातावर साखर ठेवून वाटेला लावलं!

आमचा कीर्तनकारांचा दोष सांगतो. देव भक्ताला भेटला इथे आमचं आख्यान संपतं. टाळ वाजतात, गजर होतो, आरती. पण भेटीच्या दुसऱ्या दिवशी काय? देव भेटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो, तेव्हा त्याच घरात उठतो. तीच आई, तीच बायको, तोच धंदा, तेच शेजारी. त्यांना देव भेटलेला नाही. आता याने कुणात बसायचं? याचा विचार संतांनी आणि पुराणांनी केला नाही असं नाही. केला आहे, आपण तो मोठ्याने सांगत नाही एवढंच.

काल्याचंच बघा. काल्याच्या कीर्तनात आपण पेंद्या, सुदामा, वाकड्या, बोबड्या सगळे गोळा करतो, शिदोऱ्या सोडतो, दहीहंडी फोडतो. पण भागवताच्या दशम स्कंधात गोवर्धन उचलल्यानंतर लगेच एक छोटा अध्याय आहे, सव्विसावा. तो फारसा कुणी सांगत नाही. पाऊस थांबला, पर्वत जागेवर ठेवला, सगळे घरी आले. आणि मग गोकुळातले गवळी एकत्र जमून नंदबाबांकडे गेले. आनंदाने नव्हे, भांबावून. म्हणाले, सात वर्षांचं पोर पर्वत उचलतं, पूतनेचा प्राण शोषतं, कालियाला दहातून घालवतं. असलं पोर आमच्यासारख्या रानातल्या गवळ्यांत जन्माला येतंच कसं? हा आहे तरी कोण? काल ज्याच्याबरोबर ताक प्यायलो, त्याच्याकडे आज बघायची भीती वाटायला लागली. नंदबाबांनी गर्गमुनींचं बोलणं त्यांना सांगितलं तेव्हा कुठे ती माणसं निवली. विचार करा, पर्वताखाली उभं असताना भीती वाटली नाही. घरी आल्यावर वाटली.

अर्जुनाचं तसंच. विश्वरूप दाखवा म्हणून हट्ट त्याचाच. दाखवल्यावर हातपाय कापायला लागले आणि त्याला आठवलं काय? तर आपण याला अरे कृष्णा, अरे यादवा म्हणत होतो, एका आसनावर बसत होतो, थट्टा करीत होतो. ज्ञानोबारायांनी अकराव्या अध्यायात हा पश्चात्ताप केवढा फुलवला आहे! परीस सापडला आणि तो आपण पायात चिणला, कल्पतरू तोडून शेताला कुंपण घातलं, अशा अर्थाचे दृष्टांत तिथे आहेत. आणि शेवटी मागणं काय? ते विराट आवरा, मला माझा नेहमीचा कृष्ण द्या. सोयरा देव आहे हे कळल्यावर सोयरीक अवघडते, माउली. पुढे कृष्ण निजधामाला गेले आणि त्यांच्या कुटुंबातल्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला, तेव्हा वाटेत साध्या गवळ्यांनी त्याला लुटलं. तेच गांडीव, तेच बाण, तोच रथ. तो परत येऊन धर्मराजासमोर उभा राहिला तेव्हा तोंडावर तेज नव्हतं. प्रथम स्कंधात आहे ते. एवढ्यावर पुढे जातो, कारण माझा जीव आज नामदेवरायांत गुंतला आहे.

नामदेवराय. जन्म 1270 चा, शके 1192. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. नैवेद्याची कथा तुम्हाला पाठ आहे. लहान मुलाला नैवेद्य घेऊन देवळात पाठवलं, त्याला वाटलं देव रोजच जेवतो, देव जेवेना तेव्हा पोर रडायला लागलं, डोकं आपटायला निघालं, आणि देव जेवला. इथे आम्ही गजर करतो. पण तो रिकामं ताट घेऊन घरी गेला तेव्हा काय झालं? गोणाईला वाटलं, पोरानं वाटेत खाल्लं. नामदेवांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग: देवाने विश्वास ठेवला, घराने नाही ठेवला. आणि घराचं तरी काय चुकलं? तुमचं पोर रिकामं ताट घेऊन येऊन म्हणालं की देवाने खाल्लं, तर तुम्ही काय म्हणाल?

पुढे लग्न झालं, राजाई घरात आली, नारा, विठा, गोंदा, महादा अशी चार मुलं झाली. बापाने कापड देऊन बाजारात पाठवलं तर हा धोंड्यांना उधारीवर कापड देऊन आला, अशी कथा आहे. पुढे त्या धोंड्याचं सोनं झालं म्हणतात. झालं असेल. पण सोनं होईपर्यंतची रात्र त्या घराने कशी काढली असेल?

नामदेवांच्या गाथ्यात एक भाग असा आहे की माझ्या मते तो प्रत्येक माळकऱ्याने वर्षातून एकदा वाचावा. गोणाई देवळात जाते आणि थेट पांडुरंगाशी भांडते. माझा मुलगा मला परत दे, म्हणते. नवसाचा, लाडाचा मुलगा, तू त्याला काय केलंस? आणि राजाई जाते रुक्मिणीकडे. बाईचं गाऱ्हाणं बाईपाशी. तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला नादी लावलं, घरात खायला नाही, पोरं उपाशी. संतचरित्रात संताच्या बायकोची तक्रार कुणी लपवून ठेवली नाही, गाथ्यात ठेवली आणि संप्रदायाने ती सातशे वर्षं जपली. आम्ही मात्र तिला कजाग ठरवून हशा पिकवतो. मीही पिकवला आहे. त्या भंडीशेगावच्या बाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा मला लाज वाटली, कारण त्या राजाईच होत्या, आणि मी त्यांना रुक्मिणीइतकंही ऐकून घेतलं नाही.

परिसा भागवताची गोष्ट याच ठिकाणी येते. त्याच्याकडे परीस. त्याच्या बायकोने दया येऊन तो राजाईला दिला. राजाईने थोडं सोनं केलं, बाजार आणला, चूल पेटली. कित्येक दिवसांनी घरात चांगला स्वयंपाक. नामदेव आले, विचारलं, कळलं, आणि परीस उचलून चंद्रभागेत टाकला. परिसा आला भांडायला. नामदेवांनी नदीत हात घालून ओंजळभर खडे काढले, सगळेच परीस. परिसाचे डोळे उघडले. आपण परिसाचे डोळे उघडले म्हणून टाळ्या वाजवतो. राजाईच्या चुलीचं काय झालं ते आख्यानात येत नाही.

असं सगळं चाललं असताना नामदेवांना वाटायचं, घरात माझं कुणी नाही तर नसो, देव माझा आहे. बोलतो, जेवतो, खेळतो. एवढं ज्याचं देवाशी सख्य, त्याला संतांत तरी पहिलं आसन मिळेल. आणि नेमकं तिथेच त्यांना मडकं म्हटलं गेलं.

प्रसंग तेरचा, गोरोबाकाकांच्या घरचा. तेर म्हणजे धाराशिवकडचं जुनं गाव. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई सगळे जमलेले. परंपरा सांगते की या भावंडांनी नामदेवांना नमस्कार केला, नामदेवांनी केला नाही. देवाच्या शेजारी राहणारा मी, मी कुणाला वाकू? हे त्या लहान मुक्ताबाईच्या डोळ्यांत आलं. देवाचा अखंड शेजार असून याचा ताठा कसा गेला नाही, हा तिचा सवाल. ती काकांना म्हणाली, काका, तुम्ही कुंभार, बघा बरं यातली कुठली मडकी पक्की नि कुठलं कच्चं. गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांची पाळी आली आणि ते चिडले, रडवेले झाले. ही काय पाहुण्याला वागवायची रीत? काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

आता इथे थोडं थांबायचं. मी एकदा सप्ताहाच्या निमित्ताने एका गावी कुंभाराच्या घरी उतरलो होतो. म्हटलं, काका, तुम्ही मडकं पारखताना थापटणं मारता का हो? तो हसला. म्हणाला, "महाराज, भाजलेलं मडकं बोटाच्या पेरानं वाजवत्यात. खणखण बोललं की पक्कं, बद्द वाजलं की गेलं. थापटणं भाजलेल्यावर मारलं तर फुटंल की! थापटणं वल्ल्या मडक्याला. भायेरनं थापटणं, आन् आतनं हातात गुंडा धरायचा. आतनं आधार नसंल तर भायेरचा मार सोसत न्हाई, भसकन बसतं." मी इतकी वर्षं हा प्रसंग परीक्षा म्हणून सांगत आलो होतो. त्या माणसाने दोन वाक्यांत मला शिकवलं. दृष्टांत जुनाच आहे, गुरू बाहेरून मारतो नि आतून सांभाळतो हा. पण गोरोबांच्या हातातल्या थापटण्याला मी तो कधी लावला नव्हता. काका परीक्षा घेत असतील, पण हातातलं हत्यार घडवायचं होतं.

आणि नामदेवांचं दुःख कुठलं ते नीट बघा. मार लागला याचं नव्हे. घराने वेडा म्हटलं ते त्यांनी सोसलं होतं, कारण घर अडाणी असं मनात म्हणता येतं. संतांनी कच्चा म्हटलं ते सोसवेना, कारण हेच तर आपले लोक! जिथे आपण शोभू असं वाटत होतं तिथूनच उठवलं. ते धावत पंढरीला आले आणि देवाच्या गळ्यात पडून रडले. त्यांना वाटलं, मित्र आता आपली बाजू घेईल.

देवाने घेतली नाही. देव म्हणाला, ते म्हणतात ते खरं आहे. तुला गुरू नाही. तू विसोबा खेचरांकडे जा.

केवढी कठीण मैत्री ही! आपला मित्र म्हणजे आपण चुकलो तरी आपल्या बाजूने बोलणारा, अशी आपली व्याख्या. पांडुरंगाने नामदेवाला दारातून दुसऱ्याकडे धाडलं. का? मला जे उमजतं ते सांगतो. नामदेवांचा देव त्या वेळी एका विटेवर होता. त्या देवळात, त्या गावात, आणि फक्त नामदेवाचा. माझा मित्र. मैत्रीत 'माझा' हा शब्द गोड आहे, पण तो वाढला की कुंपण होतो. कुंपणाच्या आत दोघंच, नामा आणि विठ्ठल. बाहेर गोणाई, बाहेर राजाई, बाहेर संतसुद्धा. मग माणसाला कुठेच आपलं वाटत नाही, आणि दोष तो बाहेरच्यांना देतो.

विसोबांची कथा औंढ्या नागनाथाची सांगतात. म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव संतापले. म्हातारा म्हणाला, बाबा, मला उचलवत नाही, जिथे पिंड नसेल तिथे तूच माझे पाय ठेव. इकडे ठेवले, तिथे पिंड. तिकडे ठेवले, तिथे पिंड. हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे विसोबा कोण होते? आळंदीत या भावंडांना छळणाऱ्यांतले. मांडे भाजायला मुक्ताईला कुंभाराकडून खापर मिळू नये अशी तजवीज करणारे. ज्ञानदेवांनी पाठीवर मांडे भाजू दिले ते पाहून विसोबा वरमले आणि उष्टं खायला धावले, अशी कथा आहे. म्हणजे बघा, ज्याने एका मुलीला मडक्याचा तुकडा मिळू दिला नाही, त्याच्याच आव्यात देवाने आपलं कच्चं मडकं भाजायला पाठवलं! बाहेर उभं राहणं म्हणजे काय आणि आत कसं यायचं, हे विसोबांइतकं कुणाला ठाऊक असणार?

भाजल्यावरची खूण काय? कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, की कोरडी खाऊ नको रे. ही खूण. देव विटेवरून उतरून गल्लीत आला. पुढे ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा झाली. या घटनांच्या क्रमाबद्दल आपल्यात मतं आहेत, तो वाद इथे नको. पण यात्रेला निघताना पंढरी सोडवेना म्हणून नामदेव किती रडले आणि देवाने त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हातात कसा दिला, हे तीर्थावळीत आहे. पंढरीबाहेर पाऊल टाकताना रडणारा हा माणूस 1296 साली ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यानंतर पंजाबात गेला. भाषा वेगळी, अन्न वेगळं, थंडी वेगळी. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान म्हणून गाव आहे, तिथे वीसेक वर्षं राहिले म्हणतात. त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, रोज म्हटली जातात. पंढरीचा शिंपी घुमानचा झाला. परकं वाटायला आता जागा उरली नव्हती.

आता कुणी म्हणेल, महाराज, म्हणजे ज्याला कुठे जागा मिळत नाही त्याचा अहंकार कारण. नाही! इथेच आम्ही बुवा लोक चुकतो, म्हणून चोखोबांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चोखामेळा मंगळवेढ्याचे. देवाने हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेलं, रात्रभर बोलले. सकाळी पुजाऱ्यांना कळलं आणि चोखोबांना नदीपलीकडे घालवलं. देव तिकडे जेवायला गेला. सोयराबाईंच्या हातून दही सांडलं, पीतांबरावर पडलं. पुजाऱ्याने ते बोलणं ऐकून चोखोबांच्या तोंडात मारली. आणि देवळात येऊन बघतो तर देवाचा गाल सुजलेला, पीतांबर दह्याने भरलेला. महिपतींनी भक्तविजयात ही कथा गायिली आहे. इथे कच्चं मडकं कोण? चोखोबा? त्यांचं कुठेही काही चुकलं नव्हतं. देव त्यांच्या ताटात जेवत होता आणि उंबरा मात्र बंद होता. 1338 साली मंगळवेढ्याला कुसू बांधताना ती कोसळली आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर ते गेले. नामदेव स्वतः गेले, ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून गोळा केली, आणि महाद्वारासमोर आणून समाधी दिली. दाराच्या बाहेर. आणि दार उघडायला 1947 साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षांवर काही वर्षं. कुणाला कुठे जागा का मिळत नाही, हे विचारताना आधी दार कुणी लावलंय ते बघावं, मग त्या माणसाच्या अहंकाराची चौकशी करावी. दिंडीतल्या जुन्या माणसांनीही हे ऐकावं. पावली चुकते म्हणून मागे धाडलेला माणूस उद्या दिंडीच सोडून जातो, आणि मग आपण म्हणतो त्याची निष्ठा कमी.

आणि जनाबाई. गंगाखेडची मुलगी, नामदेवांच्या घरची दासी. तिची सोयरीक सगळ्यात वेगळी. नामदेव घर सोडून देवळात गेले. जनी कुठेच गेली नाही, देव तिच्या जात्यापाशी आला. दळायला लागला, शेण्या वेचायला लागला. गोपाळपुरात जनाबाईचं जातं दाखवतात, तुम्ही हात लावला असेल. देवाच्या मैत्रीमुळे तिचं एक दिवसाचं दळण राहिलं नाही, उलट लवकर झालं! म्हणून तिला सुखच लागलं असं नाही हं. देव पदक विसरून तिची वाकळ पांघरून गेला, आणि चोरीचा आळ तिच्यावर. सुळावर चढवायला नेली. सुळाचं पाणी झालं म्हणून वाचली. मोठ्याशी मैत्री केली की आळही मोठा येतो. पण सुटल्यावर ती कुठे गेली? नामदेवांच्या घरी, दळायला.

मला वाटतं त्या बाईंच्या मालकांना नामदेवांआधी जनीची गोष्ट सांगायला हवी. तुमचा पांडुरंग तुम्हाला पायावर भेटला, छान झालं. आता त्याला घरी बोलवा. गोठ्यात बोलवा, मोटारीचं बटण दाबायला रात्री रानात जाता तेव्हा बोलवा, पोराचा अभ्यास घ्यायला बसा आणि शेजारी बसवा. ताट वेगळं कशाला? माळकऱ्याच्या ताटात कांदालसूण नसेल तर नसो, पंगत तर एक असू द्या. हे मी स्वतःलाही सांगतो. माझ्या घरीसुद्धा चातुर्मासात मी फार दिवस बाहेर असे, आणि परत आलो की नातू मला बघून आईच्या पदरामागे लपायचा. त्याला मी बापू नव्हतो, कॅसेटवरचा आवाज होतो. ते कळायला मला फार वर्षं लागली.

पुढच्या वर्षी त्या दिंडीच्या चालकांना मी गाठलं. ओळखीचेच. म्हटलं, अमुक गावचा असा एक माणूस तुमच्यात आहे, त्याला काही काम द्या. ते म्हणाले, टाळ जमत नाही हो त्याला. म्हटलं, टाळ राहू द्या. स्वयंपाकाच्या गाडीवर द्या, राहुट्या ठोकायला द्या. दिला एकदाचा राहुट्यांवर. वेळापूरच्या तळावर मी मुद्दाम बघायला गेलो. चिखलात उभा, हातात मेखा, अंगावर धोतर खोचलेलं, आणि चार जणांवर ओरडत होता की दोरी ओढा रे नीट, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पडंल. मला बघून वाकला आणि लगेच परत दोरीकडे गेला. बोलायला वेळ नव्हता त्याला.

त्या बाई मात्र मला परत भेटल्या नाहीत. घरी काय आहे, ताट अजून वेगळं आहे का, ते मला ठाऊक नाही. दिंडीतला प्रश्न सुटला असेल, चुलीपाशी बसलेला प्रश्न माझ्या हातचा नव्हता. म्हणून हे छापायला दिलं आहे. कुणी वाचून दाखवलं तर त्यांच्यापर्यंत जाईल.

नामदेवराय 1350 साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, ऐंशीव्या वर्षी समाधिस्थ झाले. महाद्वाराची पायरी ती. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. ज्याने तेरला वाकायचं नाकारलं तो. परंपरा सांगते की तिथे ते एकटे नाहीत. घरची माणसं आहेत, जनी आहे, राजाई आहे. एकाच दगडाखाली. समोर चोखोबा. माउली, तुम्ही आषाढीला जाल तेव्हा गर्दी मागून रेटत असते, पोलीस पुढे चला म्हणत असतात, पायरीला नीट डोकं ठेवायलाही मिळत नाही. हात लावून तोच हात कपाळाला लावतो आपण. लावताना नामदेवांचं नाव घ्याच. त्याबरोबर राजाईचंही घ्या.